ऐकलेली बदकं

शनिवारी सकाळी सहाला मावशी नववं बदक पोत्यात टाकत होती, तेवढ्यात तिच्या हातमोज्याचा अंगठा फाटला आणि बोटाला लागू नये तेच लागलं.

बदक आपलं म्हणायचं म्हणून. मान लोंबलेली, पोट फुगून टम्म, चोचीतून हिरवट पाणी गळतंय आणि पंख उचलावा तर खाली अळ्यांची ही लगबग. शी! तिने अंगठा गवताला पुसला, चिखलाला पुसला, पुन्हा गवताला पुसला. वास काही जाईना. नाकात घर करून बसला मेला.

पोत्याचं तोंड धरून पंपवाले काका उभे होते, स्वतःचं तोंड दुसरीकडे करून. पाणथळीचा पंप आणि पाणी सोडायची दारं त्यांच्या ताब्यात. वयाने मावशीपेक्षा सात वर्षांनी मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणत. सगळेच म्हणत. अठरा वर्षं ती इथे येणाऱ्या पोरांना पक्षी दाखवत आली होती आणि तिचं खरं नाव आता पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

"मावशी, ही काही उन्हाने मेलेली नाहीत हो," काका म्हणाले. "ऊन आहे कुठे? आत्ता तर कुठे झाडांना पालवी फुटतेय."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय? उचला पोतं."

दोन पोती पंपाच्या खोलीमागे गेली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर चार विटा. मावशीने नळाखाली तीनदा हात धुतले. साबणाची वडी झिजली, पण अंगठा हुंगला की तोच वास. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? इथे तर बदकं झाकली होती, तीही नऊ.

मंगळवारी दोन मेली होती, गुरुवारी पाच. पाणथळीच्या कचेरीत भिंतीवर नियमांचा एक तक्ता टांगलेला आहे. त्यात अकराव्या नंबरला साध्या शब्दांत लिहिलंय: एका दिवसात तीनपेक्षा जास्त मेलेले पक्षी सापडले तर फाटक बंद, माणसांना मज्जाव, जनावरांच्या डॉक्टरला निरोप. काय रोग असेल, माणसाला लागेल की नाही, हे डॉक्टरने सांगायचं. तोवर कोणी काठावर पाऊल ठेवायचं नाही. हा तक्ता मावशीने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलेला होता.

गुरुवारी संध्याकाळी ती व्यवस्थापक साहेबांकडे गेलीही होती. साहेब म्हणजे कसे, तर अकरा महिने झाले इथे येऊन, पण त्यांच्या बुटाला चिखल लागलेला कोणी पाहिलेला नाही. पाणथळीचा साहेब आणि बूट कोरडे! बोलणं मात्र एकदम ओलं.

"तुमचं बरोबरच आहे मावशी, शंभर टक्के बरोबर," साहेब म्हणाले होते. "पण शनिवारचा दिवस तेवढा निघू दे. तीन वाजता पोरं गेली की मी जातीने फोन लावतो. आणि शनिवार कोणाचा आहे? तुमचाच ना?"

तिथे गाडं अडलं. शनिवार तिचाच होता. वसंतात एक दिवस फक्त पोरांसाठी ठेवा, मोठी दुर्बीण त्यांच्या हातात द्या, मोठ्यांची गर्दी नको, असं ती सहा वर्षं लिहून देत होती. सहा वर्षं तिचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि सातव्या वर्षी मंजूर झाला. आता 'नको' म्हटलं तर पुन्हा कधी? ती दारात उभी राहिली, पदराशी चाळा केला आणि म्हणाली, "बरं. निघू दे."

साहेबाने तोंडात कोंबले नव्हते ते शब्द, तिचे तिनेच काढले होते. शुक्रवारभर ती काठाकडे फिरकलीच नाही. न पाहिलेलं मोजावं लागत नाही ना!

नऊ वाजता बस आली आणि अडतीस पोरं भसाभस उतरली. वर्गाच्या बाई मागून शिट्टी फुंकत होत्या, पण त्या शिट्टीला ऐकतंय कोण? एकाने दुर्बीण उलटी धरली आणि "बाई, तुम्ही केवढ्याशा झालात!" म्हणून ओरडला. दोघी बुटांच्या नाड्यांवरून भांडत होत्या. या गोंधळातून एक बुटकी पोर वाट काढत आली आणि मावशीच्या कमरेला बिलगली.

ही टिबुकली. मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं आठ. अडतीस पोरांत मावशीची खरीखुरी भाची ही एकटीच. टिबुकली म्हणजे पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारा चिमुकला पक्षी आणि ही पोरगीही तशीच, म्हणून ते नाव मावशीनेच पाडलेलं. काल रात्री बहिणीचा फोन आला होता. "ताई, पोरगी चार दिवस झोपली नाहीये गं. मावशी दाखवणार, मावशी दाखवणार, एकच धोशा. तुझ्या जिवावर पाठवतेय हं."

टिबुकलीने मावशीचा हात धरला आणि नाक आक्रसलं. "तुझ्या हाताला कसला वास येतोय?"

"चिखलाचा."

"चिखलाचा नाहीये."

"मग साबणाचा असेल," मावशी म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

फाटकापाशी तिने प्रत्येकाला एक तक्ता वाटला. हा तक्ता म्हणजे मावशीचा जीव की प्राण. त्यात दोन रकाने: एक 'दिसलं', दुसरा 'ऐकलं'. पक्षी डोळ्यांनी पाहिला तर पहिल्यात लिहायचा. नुसताच वेताच्या झुडपातून आवाज आला, तर दुसऱ्यात. आणि ऐकलेलं दिसल्यात ढकलायचं नाही, आकाश कोसळलं तरी नाही. गेल्या वर्षीच्या अहवालात साहेबांनी दोन्ही रकान्यांची बेरीज करून आकडा फुगवायचा घाट घातला, तेव्हा मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. शेवटी साहेबांनी नाक मुठीत धरून आकडा खाली आणला होता.

"काय करायचं?" मावशीने सवयीने विचारलं.

"दिसलं ते दिसल्यात, ऐकलं ते ऐकल्यात!" पोरं ओरडली. टिबुकलीने त्यांना बसमध्येच शिकवून ठेवलं होतं.

बाई कौतुकाने हसल्या. मावशीलाही हसू यायला हवं होतं. तिने नुसतंच फाटक ढकललं.

पहिला तास मात्र झकास गेला, खोटं कशाला बोला? वारा कोवळा होता, वेताला नवे कोंब होते, शेकाट्या लांबलचक तांबड्या तंगड्या टाकत उथळ पाण्यातून चालला होता. "हा पडत कसा नाही?" या प्रश्नावर पोरांनी पाच मिनिटं काथ्याकूट केला. खंड्याने बुडी मारली तेव्हा अडतीसही तोंडं एकदम उघडली. मावशी विसरली. खरंच विसरली होती ती. एवढ्याचसाठी तर सहा वर्षं झगडले, असं तिला वाटलं आणि तिने वेताच्या वळणावरचं लाकडी पाहणीघर उघडलं.

पाहणीघर म्हणजे पाण्याकाठची लाकडी खोली, समोरच्या भिंतीला आडवी लांब फट. पक्ष्यांना आपण दिसू नये, आपल्याला पक्षी दिसावेत. पोरांनी फटीला नाकं लावली.

समोर, वीस पावलांवर, चपट्या चोचीची थापट्या बदकं पडली होती.

सहा वाजता तिथे एकही नव्हतं. आता सहा-सात होती. दोन काठावर चिखलात आडवी. एकाचं तोंड पाण्यात आणि पाठ वर. एक अजून जिवंत होतं, पण मान धरवत नव्हती त्याला. उचलायचं, पडायची. पुन्हा उचलायचं, पुन्हा पडायची.

"मावशी, ती बदकं अशी का पडलीत?" कोणीतरी विचारलं.

बाईंनीही मान वळवली. साहेब तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते, मासिकासाठी फोटो काढायला. त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उचलल्या.

"झोपलीत," मावशी म्हणाली.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. शब्द निघून गेला. आणि पोरं, गुणी पोरं ती, लगेच ओठांवर बोटं ठेवून एकमेकांना "शू! शू!" करायला लागली. अडतीस पोरं मेलेल्या बदकांची झोपमोड होऊ नये म्हणून श्वास धरून बसली. एका पोरीने खोकला येतोय म्हणून तोंडात रुमाल कोंबला. साहेबांनी फोटो काढला.

मावशीला किळस आली. सकाळच्या अळ्यांची आली नव्हती एवढी. अळ्या बिचाऱ्या आपलं पोट भरत होत्या, त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं.

टिबुकली मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. खूप वेळ. मागच्या पोरांनी ढकललं तरी हलेना.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "त्याच्या डोळ्यावर माशी चालतेय."

"असेल."

"डोळा उघडा आहे. माशी डोळ्यावरून चाललीये आणि ते डोळा मिटत नाहीये."

"गाढ झोपलंय गं ते. चल, पुढच्यांना बघू दे."

टिबुकलीने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि मावशीकडे पाहिलं. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. खूप वेळ एखादा पक्षी निरखावा आणि तो कुठला ते ठरवावं, तसं पाहिलं. हे निरखणंही मावशीनेच शिकवलेलं. मग तिने पेन्सिल काढली, तक्ता मांडीवर घेतला आणि डाव्या हाताचा आडोसा करून लिहायला लागली.

बाहेर येताना साहेब मावशीच्या कानाशी लागले. "छान सांभाळलंत. झोपलीत! वा! माझ्या डोक्यातही आलं नसतं."

"साहेब, सकाळपासून सात नवी आहेत. पोरांना इथून हलवू या."

"जेवण होऊ दे ना. तीनला फोन करतोच आहे. आणि पोरं काय पाण्यात उतरलीत का? लांबून तर बघतायत. तुम्ही पण ना, नसत्या शंका काढता."

ही शाबासकी! ही तिची कमाई! तिला साहेबाच्या कोरड्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. थुंकली नाही. ज्याने 'झोपलीत' म्हटलं तो साहेब नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कोणाला?

साडेबाराला पोरं पंपाच्या खोलीपुढच्या बाकांवर जेवायला बसली. ही जागा मावशीने पंधरा दिवसांपूर्वी ठरवलेली, सावलीची म्हणून. ताडपत्री भिंतीच्या पलीकडे होती आणि वाऱ्याने दिशा बदलली होती. "ई, कसला वास!" असं दोघं-तिघं म्हणालेही. बाई म्हणाल्या, पाणथळ म्हटल्यावर वास यायचाच.

जेवणाआधी तक्ते गोळा करायची पद्धत. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी ओळ असते, 'तपासणाऱ्याची सही'. मावशी बाकाच्या टोकाला बसून सह्या करायला लागली. शेकाट्या, दिसला, तीन. खंड्या, दिसला, एक. बदकं झोपलेली, दिसली, सहा. सही. बदकं झोपलेली, दिसली, सात. सही. शेजारी चित्र काढलं होतं एका पोरीने, बदकाच्या अंगावर पांघरूण घातलेलं. तिच्या सहीचं अक्षर वाकडं व्हायला लागलं.

मग टिबुकलीचा तक्ता आला. ठसठशीत अक्षर, एकही खाडाखोड नाही.

'ऐकलं' या रकान्यात लिहिलं होतं: बदकं झोपलीत. मावशीकडून. एकदा.

'दिसलं' या रकान्यात: बदकं मेलीत. सहा. एक मरतंय.

आकाश कोसळलं तरी ऐकलेलं दिसल्यात ढकलायचं नाही. पोरीने ढकललं नव्हतं. मावशीचा शब्द खोटा आहे असंही तिने कुठे लिहिलं नव्हतं. जो आवाज नुसता कानावर आला, तो त्याच्या रकान्यात ठेवून ती मोकळी झाली होती. अठरा वर्षांत कोणी तिच्या तोंडात मारली नव्हती, ती आठ वर्षांच्या पोरीने पेन्सिलीने मारली.

तिने मान वर केली.

पोरांच्या हातात पिसं होती. कोणाच्या टोपीत, कोणाच्या कानामागे. हिरवी झाक असलेली, थापट्याच्या पंखातली सुंदर पिसं. सकाळी पोती ओढत नेली त्या वाटेवर सांडलेली, पोरांनी वेचून आणली होती. एकजण पिसाने शेजारणीच्या ओठांना गुदगुल्या करत होता. एकजणी पीस दातांत धरून डब्याचं झाकण उघडत होती. टिबुकलीने पाच पिसं ओळीने मांडीवर मांडली होती आणि तिचा हात डब्याकडे चालला होता.

"डबे बंद!"

मावशीचा आवाज असा फुटला की वेतातला बगळा उडाला.

"कोणी काही तोंडात घालायचं नाही! पिसं खाली टाका. खाली, म्हणतेय ना! हात डोळ्यांना लावू नका, तोंडाला लावू नका. उठा सगळे!"

"मावशी!" साहेब धावत आले. "काय तमाशा चालवलाय? पोरं घाबरतील."

"घाबरू देत. घाबरायलाच पाहिजे." ती पोरांकडे वळली. "बाळांनो, ती बदकं झोपलेली नाहीत. मेलीत ती. कशाने ते मला माहीत नाही. रोग असेल. मी तुम्हाला खोटं सांगितलं. या खोलीच्या मागे आणखी नऊ आहेत, मीच सकाळी उचलली."

ती पांघरुणवाली पोरगी रडायला लागली आणि तिचं बघून चौघं-पाचजण.

बाई सावकाश पुढे आल्या. तोंड पांढरंफटक पडलेलं. "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"आणि तरी तुम्ही माझी पोरं इथे येऊ दिलीत? जेवायला बसवलीत?"

"हो."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने सकाळी अंगठ्याकडे पाहिलं होतं. मावशीने नजर चुकवली नाही. तेवढं तरी देणं लागत होती ती.

साहेबांनी तिला बाजूला ओढलं. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत? सहा वर्षांचं काम पाण्यात! पुढच्या वर्षी पोरांचा दिवस विसरा."

"विसरले. फोन लावा डॉक्टरला. का मी लावू?"

साहेबांनी खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. फोन शेवटी मावशीनेच लावला. डॉक्टरने चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की पोरांना साबणाने हात घासायला लावा, बसमध्ये बसवा, पिसं जमिनीवरच राहू देत, प्रत्येकाच्या घरी कळवा, आठ दिवस ताप येतोय का बघा. मी निघालोच. मग त्याने विचारलं, "गुरुवारीच का नाही केलात फोन?" मावशीने फोन ठेवला आणि पोरांना नळाकडे वळवलं.

पंपवाल्या काकांनी न सांगता फाटकाला साखळी घातली होती आणि आता ते नळाशी साबणाची नवी वडी घेऊन उभे होते. पोरं रांगेने आली. मावशी एकेकाचे हात आपल्या देखरेखीखाली धुवून घेत होती, लांबून, न शिवता. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटापर्यंत. कालपर्यंत या पोरांनी तिच्या गळ्यात हात टाकले असते. आज एकेक जण हात धुवायचा आणि तिच्याकडे न बघता बसकडे पळायचा. बाई दारात उभ्या राहून मोजून आत घेत होत्या. पोरांच्या दिवसाचा असा बट्ट्याबोळ झाला आणि तो तिनेच केला होता. आज केला, की गुरुवारी त्या दारात उभं राहून केला, याचा हिशेब ती मनात घालत होती. उत्तर दर वेळी गुरुवार येत होतं.

रांगेत शेवटी टिबुकली होती. पिसं तिने बाकापाशी ठेवून दिली होती, ओळीनेच. तिने गुपचूप हात धुतले, नीट, कोपरापर्यंत. मावशीने खिशातून तिचा तक्ता काढला, पंपाच्या भिंतीवर टेकवला आणि तळाच्या ओळीवर सही केली. या वेळी अक्षर वाकडं झालं नाही.

"बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली.

बसचा भोंगा वाजला. बाईंनी हाक मारली. पोरगी दोन पावलं गेली आणि थांबली. मावशीला वाटलं, आता येईल, बिलगेल, नेहमीसारखी. नकळत तिने हात पुढे केला.

टिबुकलीने हाताकडे पाहिलं. "आधी तू धू," ती म्हणाली.

मावशीने नळ सोडला, साबण घेतला, हात घासले आणि पुढे केले. टिबुकलीने न शिवता, मागे हात बांधून, मान पुढे केली आणि अंगठा हुंगला.

"अजून," ती म्हणाली.

मावशीने पुन्हा साबण घेतला.